रापणीच्या दोरीवर एक जागा

मालवण तालुक्यातल्या एका किनारी वाडीतला १७ वर्षांचा मुलगा साडेतीन महिने निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे, राहून घरी परतला. त्या परतीची ही नोंद. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. कायदा नसता तरी मी ती केली नसती. त्यामुळे इथे गावाचं नाव नाही, माणसांची नावं नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेले आहेत. त्याची आई त्याला नुसती 'झिला' अशी हाक मारते. झील म्हणजे मालवणीत मुलगा. मीही त्याला इथे झीलच म्हणते.

मी विशेष शिक्षिका. दिव्यांग मुलांच्या घरी जाऊन काम करते. झीलचं प्रकरण माझ्याकडे परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांच्या फोनवरून आलं. "बाई, एक पोरगा आहे. काही विचारलं की हो म्हणतो, आणि पुढे काहीच बोलत नाही. जरा बघाल का?" तोवर त्याला आत दीड महिना झाला होता.

होडीचं मशीन

दिवाळी सरली आणि एका रात्री वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीचं मशीन गेलं. कर्ज काढून घेतलेलं मशीन, आणि मासळीचा ऐन हंगाम. दोन दिवसांत पोलिसांनी तिघांना उचललं. दोघं विशी ओलांडलेले, तिसरा झील. मशीन त्या दोघांनी सोडवलं आणि टेम्पोत टाकलं. झील बॅटरी धरून उभा होता. त्याबद्दल त्याला एक वडापाव आणि टेम्पोतून फेरी मिळाली. ती फेरी तो अजून खुशीत सांगतो.

सोबत प्रौढ होते म्हणून गुन्हा नोंद झाला. एरवी अशा साध्या चोरीत मुलावर एफआयआर होत नाही. २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळासमोर नेलं. कलम १२ प्रमाणे तो तिथूनच आईबरोबर घरी यायला हवा होता, कारण मुलाच्या बाबतीत जामीन हा नियम आणि आत ठेवणं हा अपवाद. पण अपवादही त्याच कलमात आहे: सुटल्यावर मुलालाच धोका असेल तर. वाडी खवळलेली होती. घराच्या कौलांवर दगड पडले होते. काकांनी 'माझ्या दारात नको' म्हणून हात झटकले होते, आणि आईनं काय करायचं, कुठे सही करायची, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गावाचा राग शांत करायला कुणी पुढे आलं नाही, म्हणून मुलगा परजिल्ह्यातल्या निरीक्षणगृहात गेला. हे मला आजही टोचतं.

मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल दोन आठवड्यांत मंडळापुढे यावा लागतो. त्याच्या नमुन्यात मूल दिव्यांग आहे का, असा सरळ प्रश्न आहे. झीलच्या अहवालात तिथे 'नाही' लिहिलेलं होतं. कुणी जाणूनबुजून खोटं लिहिलं असं मी म्हणणार नाही. मुलगा चालतो, बघतो, ऐकतो, दिसायला धडधाकट. शाळा आठवीपर्यंत, आणि त्याच्या वेळी आठवीपर्यंत कुणाला नापास करत नव्हते. त्यामुळे स्वतःचं नाव धड लिहिता येत नसतानाही प्रगतिपुस्तकावर दरवर्षी 'उत्तीर्ण'. वाडीत त्याला 'अर्धवट' म्हणायचे. वाडीला जे रोज दिसत होतं, ते कागदावर मात्र कधी चढलं नव्हतं.

पहिला 'नाय'

आमची पहिली भेट निरीक्षणगृहाच्या पडवीत झाली. तो भिंतीला पाठ लावून बसला होता, चपला पायात नव्हत्या, मांडीखाली धरलेल्या होत्या.

"जेवलास?"

"व्हय."

"अजून जेवला नाहीस ना?"

"व्हय."

"तुझं लग्न झालंय?"

"व्हय."

बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाशी ज्यानं काम केलं आहे, त्याला हा 'व्हय' ओळखीचा असतो. प्रश्न कळलेला नसतो, समोरचा मोठा माणूस रागावू नये एवढंच हवं असतं, आणि लहानपणापासूनचा अनुभव सांगतो की हो म्हटलं की माणसं सोडून देतात. चौकीतही त्यानं हेच केलं असणार. 'मशीन तू काढलंस?' व्हय. 'आधीही चोऱ्या केल्यास?' व्हय. शेजारच्या वाडीतल्या दोन जुन्या चोऱ्याही त्याच्या नावावर बोलल्या जाऊ लागल्या होत्या, त्या अशाच.

मी पिशवीतून माशांची चित्रं काढली. ही माझी नेहमीची पद्धत. कोकणातली मुलं अक्षरांआधी मासे वाचतात. बांगडा, मोरी, सौंदाळा त्यानं झरझर ओळखले. एक चित्र मी पुढे केलं आणि म्हटलं, "हा पेडवा."

तो चित्राकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग बोट ठेवून म्हणाला, "नाय. तारली ती."

चूक माझीच होती, तारलीच होती ती. दीड महिन्यात त्या इमारतीत त्यानं उच्चारलेला हा पहिला नकार असावा. मी तारीख घालून तो वहीत लिहून ठेवला. पुढचं सगळं काम याच एका शब्दाभोवती झालं.

फिट आणि कागद

आईकडून दुसरी गोष्ट कळली. त्याला लहानपणापासून फिट यायच्या. सरकारी दवाखान्यातून गोळ्या चालू होत्या, पण तो आत गेल्यावर डबा घरीच फळीवर राहिला आणि तो तिकडे पोचवायचा असतो हे तिला ठाऊक नव्हतं. मिरगीच्या गोळ्या एकदम बंद झाल्या की फिट उसळून येतात. तिथे त्याला दोन फिट आल्या, आणि पहिलीला तिथल्या एका कर्मचाऱ्यानं 'नाटक' म्हटलं. आईनं डबा माझ्या हातात देताना एकच वाक्य म्हटलं: "माझो झील चोर नाय ओ बाई. तेका जा सांगशात ता तो करता." मला वाटतं, एवढं नेमकं निदान पुढे कुठल्याच अहवालात आलं नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. मिरगीला त्यांत स्वतःचा रकाना नाही. म्हणून प्रमाणपत्र मागायचं ते बौद्धिक अक्षमतेचं. परिविक्षा अधिकाऱ्यांनी मंडळाकडून परवानगी आणली, झीलला जिल्हा रुग्णालयात तपासणीला नेलं, मानसशास्त्रज्ञांनी चाचण्या घेतल्या. निष्कर्ष सौम्य बौद्धिक अक्षमता, ५० टक्के. सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट असते, ती ओलांडली गेली. अधिकाऱ्यांनी स्वतःहून दुरुस्त अहवाल मंडळापुढे ठेवला. आधीची चूक मान्य करून नवा कागद देणारा माणूस सरकारी कामात रोज भेटत नाही. ते झालं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

मंडळात प्रमुख दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य असतात. त्यांतल्या महिला सदस्यांनी झीलला प्रश्न विचारताना चित्रं वापरू दिली. चौकशी चार महिन्यांच्या मुदतीत संपली. आईच्या ताब्यात, एक वर्ष परिविक्षेवर, असा आदेश झाला. जुन्या चोऱ्यांचा विषय तिथेच मिटला.

माझी चूक

आदेशाला तीन आठवडे बाकी असतानाच मी वाडीत जायला सुरुवात केली होती. मूल बाहेर पडण्याआधीचा आणि नंतरचा आढावा वैयक्तिक काळजी आराखड्यात घ्यायचाच असतो, पण बहुतेक वेळा ते भाग शेवटच्या दिवशी एका बैठकीत भरले जातात. घराची, शेजाराची तयारी मूल आत असतानाच व्हायला हवी, हे माझं ठाम मत आहे. सुटकेच्या दिवशी सुरू केलेलं काम उशिरा सुरू केलेलं असतं.

पहिली बैठक देवळाच्या सभामंडपात झाली, आणि तिथे मी चुकले. मी म्हटलं, "त्याला काही कळत नाही हो. तो निरागस आहे." माझ्या डोक्यात कणव होती, माणसांनी ऐकलं ते निराळंच. मागे बसलेली एक बाई उठून म्हणाली, "पोरगो वायट नाय ओ बाई, पण आमच्यो होडयो रात्रभर उघड्यार असतत. कळणाच नाय, तर उद्या परत कोण घेवन जायत तेका." तिचं बरोबर होतं. ज्याला काही कळत नाही त्याला गावात मोकळं कसं सोडायचं? माझ्याच शब्दांनी मी त्याला धोकादायक करून ठेवलं होतं.

दुसऱ्या बैठकीत बोलणं बदललं. त्याला काय कळतं ते सांगितलं: माशांची नावं, जाळ्याची वीण, कुठल्या होडीचा रंग कुठला, आईचा शब्द. काय कळत नाही तेही सांगितलं: पैशाचा हिशेब, तारीख-वार, आणि हसून बोलणाऱ्या माणसाच्या मनातलं. मग विचारलं, रात्री त्याला कुणी बोलावलं तर तुमच्यापैकी कोण बघेल? पहिल्यांदाच बोलणं त्याच्यावरून वाडीवर आलं.

आणखी एक गोष्ट त्याच बैठकीत मिटवली. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा फोटो 'चोर' म्हणून फिरला होता. कलम ७४ मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे मी शांतपणे वाचून दाखवलं. ग्रुप चालवणाऱ्या मुलानं तिथेच बसून फोटो काढून टाकला. दुसऱ्या दिवशी तो आईकडे जाऊनही आला.

मशीनमालकाकडे मी वेगळी गेले, दोनदा. मशीन परत मिळालं होतं, पण महिनाभर होडी वाळूवर पडून होती आणि कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. त्याचा राग खरा होता. त्याला 'माफ करा' म्हणायला सांगणं मला शोभलं नसतं. त्यानंच विचारलं, "तो माझ्यासमोर येतलो काय?" आम्ही ठरवलं की झील येईल, काय केलं ते त्याच्या शब्दांत सांगेल, आणि चार रविवार सकाळी होडी वर ओढायला हात लावेल. चारच, आणि आई सोबत. दिव्यांग मुलाच्या माथी फुकटची राबणूक मारायला माणसांना वेळ लागत नाही, म्हणून आकडा आधी बांधून घेतला आणि परिविक्षा अधिकाऱ्यांनी तो लिहून मंडळाला कळवला.

रापण

त्याला करायला काय द्यायचं, हा खरा प्रश्न होता. फिट येणाऱ्या मुलाला होडीवर नेता येत नाही, माडावर चढवता येत नाही, विहिरीच्या काठावर एकटं सोडता येत नाही. किनाऱ्यावरच्या गावात या तीन गोष्टी काढल्या की उरतं काय? आई म्हणाली, रापण.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: होडी किनाऱ्यापासून अर्धगोल फिरत लांबलचक जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक पुन्हा वाळूवर आणून देते. मग दोन्ही टोकांच्या दोऱ्यांना माणसं लागतात आणि पाऊल पाऊल मागे सरत, दोन्ही रांगा एकमेकींजवळ येत, जाळं ओढून काढतात. या कामाला तासन्‌तास लागतात आणि माणसं भरपूर लागतात. मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा, होडीचा, माणसांचा. पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीनं किनाऱ्याजवळची मासळी कमी झाली, तरुण पोरं पर्यटकांच्या बोटींवर आणि गोव्याला गेली, तशी दोरीला हात कमी पडू लागले आहेत. म्हणजे वाडीलाही माणूस हवा होता.

तांडेल, म्हणजे रापणीचे म्होरके, सत्तरीला आलेले. मी म्हटलं, "आबानू, तेका घेशात?" ते बराच वेळ जाळ्याची गाठ सोडवत राहिले. मग म्हणाले, "दोरीक हात लावणाऱ्याक वाटो मिळता. मगे तो कोणव असांदे." परवानगी म्हणा, नियम म्हणा, एवढंच.

त्याची जागा आम्ही दोरीवर मोजून ठरवली. कोरड्या वाळूवरच्या टोकाला, शेवटून तिसरा. पाण्यात कधीच नाही. पुढे तांडेलांचा पुतण्या, मागे शेजारचे एक तात्या. फक्त सकाळची ओढ, डोक्याला टोपी, आधी गोळी आणि पेज. ऊन, उपास आणि जागरण यांनी फिट लवकर येते. एका दुपारी रापणीच्या लोकांना वाळूवरच शिकवलं: एक जण आडवा झाला आणि बाकीच्यांनी करून पाहिलं. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, आजूबाजूचं टोचणारं बाजूला करायचं. हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही. कांदा आणि चप्पल हुंगवणं बंद. घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८ ला फोन. "मगे ही बाधा नाय?" एकानं विचारलं. मी मेंदूतल्या विजेचं सांगितलं. होडीच्या बॅटरीचा शॉर्ट लागतो तसं, हे तात्यांनी माझ्यापेक्षा चांगलं समजावलं.

घरी

शिमग्याच्या चार दिवस आधी तो आला. घरात पाय ठेवण्याआधी देवळात गाऱ्हाणं घालायचं, हा आईचा हट्ट. माझ्या आराखड्यात हे नव्हतं. गुरवांनी नारळ ठेवला, हात जोडले, 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात केली आणि 'चुकलामाकला आसात ता पदरात घे' इथवर आले, तेव्हा जमलेल्या पंचवीसेक माणसांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हटलं. काकाही मागे उभे होते. माझ्या दोन बैठकांनी जे जमलं नव्हतं ते त्या पाच मिनिटांत झालं. गावाची रीत आपल्या कामाच्या आड येते असं धरून चालणाऱ्यांनी एकदा तिच्या जवळ जाऊन बघावं.

पहिले पंधरा दिवस अवघड गेले. तो पहाटे पाचला उठून अंथरुणाची घडी घालून बसायचा. ताट हातात घेऊन दाराशी उभा राहायचा. संडासला जायचं तरी "जाऊ?" विचारायचा, आणि कुणी जा म्हटल्याशिवाय हलायचा नाही. चपला उशाला. आई रडायची, तिला वाटायचं पोरगं शहाणं झालं की खुळं. मी तिला म्हटलं, काकी, दर वेळी जा म्हणू नका; तू सांग, जाऊ की नको, असं त्यालाच विचारा. दिनदर्शिकेवर गोळीचं चित्र, रापणीचं चित्र, परिविक्षा अधिकाऱ्यांकडे जायच्या दिवसावर एसटीचं चित्र. आणि रोज संध्याकाळी दहा मिनिटं आमचा खेळ: मी किंवा आई मुद्दाम चुकीचं बोलायची, त्यानं 'नाय' म्हणायचं. तारलीला पेडवा म्हणण्यापासून सुरुवात. मग 'ही गोळी समुद्रात टाक.' मग 'चल, कुणाला न सांगता जाऊ.' या शेवटच्याला तो आठवडाभर 'व्हय'च म्हणत राहिला.

पहिल्या ओढीला त्याला पंधरा-सोळा बांगडे मिळाले. दहाच्या पुढे त्याला मोजता येत नाही, तर त्यानं दहा एका पानावर आणि बाकीचे दुसऱ्या पानावर मांडून आईपुढे ठेवले.

मे महिन्यात एका पर्यटकाचं पाकीट हरवलं, आणि माणसं शोधत आली ती थेट झीलच्या घरी. पोलीसही आले. पाकीट त्याच पर्यटकाच्या गाडीत सीटखाली सापडलं. झीलकडे परत जाऊन कुणी चकार शब्द काढला नाही. तीन दिवस आईनं त्याला घरात कोंडून ठेवलं आणि चौथ्या दिवशी त्याला फिट आली. बाल न्याय अधिनियमाचं कलम २४ सांगतं की अशा मुलाला दोषाचा कोणताही डाग पुढे चिकटता कामा नये. ते पुसणं मात्र कागदापुरतं होतं, हे त्या दिवशी कळलं. रापणीच्या तात्यांनी चौथ्या दिवशी स्वतः येऊन दाराची कडी काढली आणि त्याला दोरीवर नेलं.

पावसाळ्यात वाळू रिकामी असते. ते अडीच महिने आम्ही जाळी विणण्यात घालवले. १८ वर्षं पूर्ण झाल्यावर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला दिला. तेव्हा महिना १,५०० रुपये होते, दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये ते २,५०० झाले. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतला ५ टक्के हिस्सा दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, याची आठवण ग्रामसभेत करून द्यावी लागली. खातं त्याच्या नावावर, पासबुक आईकडे. गणपतीला काकांनी मूळ घरी बोलावलं. भजनात त्याच्या हातात झांज होती.

नारळी पौर्णिमेनंतर रापण पुन्हा लागली, त्यानंतरची एक संध्याकाळ तांडेलांनी मला फोनवर सांगितली. त्या दोघांपैकी एक जामिनावर बाहेर होता. झील वाळूवर दोरीची वेटोळी घालत बसला होता, तिथे तो आला आणि म्हणाला, चल, टेम्पोतून फेरी मारू. झील उठून उभा राहिला. टेम्पो रस्त्याला दिसत होता. तांडेल होडीआड होते, मुद्दाम पुढे गेले नाहीत.

"नाय," झील म्हणाला. "आवशीक इचारूक होया." आईला विचारायला हवं.

तो पोरगा थोडा वेळ थांबला आणि गेला. झील दोरीवर परत बसला, पण टेम्पो वळणाआड जाईपर्यंत मान वर करून बघत होता.

पुढच्या आठवड्यात आई, तो आणि मी एसटीनं मालवणला गेलो. दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत असते. वाहक आला तेव्हा त्यानं खिशातून कार्ड काढून स्वतः पुढे धरलं. खिडकीची जागा त्यालाच मिळाली होती.